कुठला ‘डॉन कार्लोस’?

‘डॉन कार्लोस’ पाहिला असं कुणी सांगितलं, की ऑपेराचा दर्दी आधी विचारतो, कुठला? चार अंकी की पाच अंकी? फ्रेंच की इटालियन? लाकूडतोड्यांपासून सुरू होणारा, शिकाऱ्यांपासून सुरू होणारा, की पडदा एकदम मठातच उघडणारा? ज्युझेप्पे व्हेर्दीचा हा ऑपेरा ११ मार्च १८६७ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला आणि पुढची वीस वर्षं त्यात फेरफार होत राहिले. १८७२, १८८४, १८८६ अशा प्रत्येक टप्प्यावर काही गळलं, काही नव्याने लिहिलं गेलं, काही परत आलं. हीच शेवटची आणि बाकीच्या रद्द, असं छातीठोकपणे म्हणता येईल अशी प्रत त्यातून निघाली नाही.

म्हणून या ऑपेराच्या प्रयोगांचा इतिहास हा बराचसा कात्रीचा इतिहास आहे. त्याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकातली नाट्यगृहं संगीत बेधडक कापायची, पण रंगमंचावर कोण कुठून येणार आणि कुठे उभं राहणार हे पॅरिसबरहुकूम ठेवायची. आज नेमकं उलटं झालंय. संगीताचं एकेक पान जपलं जातं, हरवलेली पानं हुडकून परत जोडली जातात, आणि रंगमंचावर मात्र दिग्दर्शकाला रान मोकळं असतं. ‘डॉन कार्लोस’च्या दीडशे वर्षांत ही अदलाबदल जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसऱ्या कुठल्या ऑपेरात दिसत असेल असं मला वाटत नाही.

कथा थोडक्यात सांगायला हवी. सोळावं शतक, स्पेन आणि फ्रान्स यांच्यातलं युद्ध संपायच्या बेतात. तहाचा भाग म्हणून स्पेनचा युवराज कार्लोस आणि फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ यांचं लग्न ठरलंय. दोघं फोंतेनब्लोच्या रानात भेटतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि तेवढ्यात निरोप येतो की बेत बदलला. नवरदेव कार्लोस नाही, त्याचा बाप राजा दुसरा फिलिप. पुढचं सगळं स्पेनमध्ये घडतं. प्रेयसी आता नात्याने आई झालेली. मित्र रोड्रिग, म्हणजे मार्क्विस पोझा, स्पेनच्या टाचेखाली भरडल्या जाणाऱ्या फ्लँडर्ससाठी जीव टाकणारा. राजाशी संबंध असलेली आणि मनातून कार्लोसवर जीव जडलेली राजकुमारी एबोली. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर नव्वदीचा, आंधळा ग्रँड इन्क्विझिटर, ज्याच्यापुढे राजालाही मान तुकवावी लागते.

खरा कार्लोस १५६८ मध्ये बापाच्या कैदेत वारला, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी एलिझाबेथही. दोघं तेविशीतली. पोझा नावाचा असा कुणी दरबारी नव्हताच, तो फ्रीडरिश शिलरने १७८७ च्या आपल्या नाटकात घडवला. रानातली भेट शिलरच्या नाटकात रंगमंचावर नाही. संहिताकार जोसेफ मेरी आणि कामी द्यु लोक्ल यांनी ती एजेन कोर्मोंच्या १८४६ च्या एका फ्रेंच नाटकावरून घेतली. मेरी संहिता पूर्ण व्हायच्या आतच, १८६६ मध्ये गेला. पुढचं द्यु लोक्लने निभावलं.

पॅरिसच्या ऑपेराला ज्या साच्याचं नाटक लागायचं त्याला ग्रँड ऑपेरा म्हणत. पाच अंक, ऐतिहासिक विषय, शंभरावर माणसांचा एक तरी भव्य प्रवेश, डोळे दिपवणारं नेपथ्य, आणि मध्यावर बॅले. बॅलेची जागाही ठरलेली असायची, कारण जॉकी क्लबची बडी मंडळी जेवून उशिरा यायची आणि त्यांना नर्तकी पाहायच्या असायच्या. १८६१ मध्ये वॅग्नरने ‘टान्हॉयझर’मध्ये बॅले पहिल्याच अंकात घातला, तेव्हा याच मंडळींनी शिट्ट्या वाजवून प्रयोग बंद पाडले होते. व्हेर्दी या संस्थेला ‘मोठं दुकान’ म्हणून टोमणे मारायचा, तरी तिच्यासाठी लिहायची संधी त्याने सोडली नाही. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाचं वर्ष साधून ऑपेराचे संचालक एमिल पेरँ यांनी त्याच्याकडून ‘डॉन कार्लोस’ करून घेतला.

तालमी महिनोन्‌महिने चालल्या. मधेच, जानेवारी १८६७ मध्ये, व्हेर्दीचे वडील वारले. त्यांचं नावही कार्लोच. फेब्रुवारीत रंगीत तालीम झाली तेव्हा लक्षात आलं की मध्यंतरं धरून नाटक पाच तासांच्या वर जातंय. आणि इथे आडवी आली आगगाडी. पॅरिसच्या उपनगरांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या रात्री साडेबाराच्या सुमारास सुटत. प्रेक्षकांना त्या मिळायला हव्यात तर पडदा मध्यरात्रीच्या आसपास पडायलाच हवा. प्रयोग लवकर सुरू करावा तर संध्याकाळचं जेवण आडवं. संगीत नाटकाला रात्रभर बसून, ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत पहाटे घरी परतणाऱ्या आपल्या पणजोबांना हा पेच कळला नसता. पॅरिसच्या लोकांना तो पक्का कळत होता. व्हेर्दीने पहिल्या प्रयोगाच्या तोंडावर मोठमोठे तुकडे काढून टाकले.

काय काय गेलं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या अंकाची सुरुवातच गेली. मूळ आराखड्यात पडदा उघडतो तेव्हा हिवाळ्यातल्या रानात लाकूडतोडे आणि त्यांच्या बायका दिसतात. युद्धाने त्यांची अन्नान्न दशा केलीय. शिकारीला आलेली एलिझाबेथ त्यांचं दुःख ऐकते, धीर देते, तह होणार असं सांगते. हा प्रवेश गेल्यावर ऑपेरा शिकाऱ्यांच्या आरोळ्यांनी आणि कार्लोसच्या एकट्याच्या गाण्याने सुरू झाला. फिलिप आणि पोझा यांच्या संवादाचा भाग गेला. एलिझाबेथ आणि एबोली यांचं चौथ्या अंकातलं युगलगीत गेलं. तिसऱ्या अंकाच्या आरंभी दोघी बुरखे आणि अंगरखे बदलतात तो प्रवेश या वेळी वाचला; तो १८८४ च्या दुरुस्तीत गेला, आणि मग अंधारात कार्लोस एबोलीला एलिझाबेथ समजून प्रेमाची कबुली का देतो हे प्रेक्षकाला नीट कळेना. पोझाच्या प्रेताजवळ फिलिप आणि कार्लोस बाप-लेकाने मिळून केलेला विलापही गेला. बॅलेही राहिला. ल्युसियँ पेतिपाने बसवलेला, ‘ला पेरेग्रिना’ नावाचा, मोत्याच्या कथेवरचा. घड्याळाने भुकेल्या माणसांना बाहेर काढलं आणि नर्तकींना आत ठेवलं. त्या काळच्या पॅरिसबद्दल आणखी वेगळं काही सांगायला नको.

पहिल्या रात्री ल पलतिए रस्त्यावरच्या त्या नाट्यगृहात सम्राट तिसऱ्या नेपोलियनची पत्नी यूजेनी हजर होती. ती स्पॅनिश, आणि कट्टर कॅथलिक. इन्क्विझिटरसमोर फिलिप चढ्या आवाजात बोलतो तिथे तिने तोंड फिरवलं असं सांगतात. समीक्षकांचा सूर कोमटच होता. जॉर्ज बिझेला वाटलं, व्हेर्दी इटालियन उरला नाही, वॅग्नरच्या वाटेला लागलाय. दोन-तीन वर्षांत ४३ प्रयोग झाले आणि फ्रेंच ‘डॉन कार्लोस’ पॅरिसच्या फळ्यावरून उतरला. नाट्यगृह स्वतः १८७३ मध्ये जळून गेलं.

आता रंगमंचाच्या बाजूकडे येऊ. मिलानचे प्रकाशक रिकोर्दी यांनी पॅरिसच्या निर्मितीबरहुकूम ‘डॉन कार्लो’ची प्रयोग-पुस्तिका छापली. ज्युलियो रिकोर्दीने ती तयार केली होती. तिच्यात रंगमंचाचे आराखडे आहेत. कुठल्या प्रवेशात खुर्ची कुठे, टेबल कुठे, समूहातले कोण डावीकडून येणार, कोणी कुठल्या ओळीला किती पावलं पुढे सरकायचं, सगळं लिहून दिलंय. फ्रान्समध्ये अशा पुस्तिकांची रीत आधीपासून होती, रिकोर्दीने ती इटलीत रुजवली. आज आपण ज्याला दिग्दर्शन म्हणतो ते त्या काळी नाटकाच्या मालकीचंच अंग मानलं जाई. बोलोन्या असो की आणखी कुठलं गाव, पात्रांनी पॅरिसमध्ये जिथे वळायचं तिथेच वळायचं.

आणि संगीत? ४ जून १८६७ रोजी, म्हणजे पॅरिसनंतर तीन महिन्यांच्या आत, लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये इटालियन ‘डॉन कार्लो’ झाला. वाद्यवृंद-संचालक मायकेल कोस्टा याने पहिला अंक सबंध उडवला, बॅले उडवला, कार्लोसचं गाणं उचलून पुढे नेऊन बसवलं. गंमत अशी की पुढे व्हेर्दीनेही पहिल्या अंकाचं तेच केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोलोन्याला आंजेलो मारिआनीच्या संचालनाखाली, टेरेझा श्टोल्झला एलिझाबेथच्या भूमिकेत घेऊन प्रयोग झाला आणि तिथे मात्र तो खणखणीत चालला. नेपल्सला १८७१ मध्ये पडला. पुढच्या वर्षी व्हेर्दी स्वतः तिथे गेला आणि फिलिप-पोझा संवाद पुन्हा लिहिला. तेवढ्यानेही त्याचं समाधान झालं नाही.

१८८२-८३ मध्ये त्याने मोठी दुरुस्ती हाती घेतली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण तिच्यावरून आजही वाद होतात. ही दुरुस्ती द्यु लोक्लबरोबर, फ्रेंच शब्दांवर झाली. अँजेलो झानार्दिनीने नंतर तिचं इटालियन केलं. म्हणजे १० जानेवारी १८८४ रोजी मिलानच्या ला स्कालात जो ‘इटालियन’ डॉन कार्लो उभा राहिला त्याची चालही फ्रेंच उच्चारांच्या मापाने बेतलेली आहे. त्यात चार अंक. फोंतेनब्लो पूर्ण गेलं, बॅले गेला, कार्लोसचं गाणं सुधारून मठाच्या प्रवेशात आलं, फिलिप-पोझा संवाद तिसऱ्यांदा नव्याने लिहिला गेला, आणि या वेळी तो असा उतरला की त्याला पुन्हा हात लावायची गरज राहिली नाही. कार्लोस होता फ्रांचेस्को तामान्यो, ज्याच्यासाठी व्हेर्दीने पुढे ‘ओथेल्लो’ लिहिला. डिसेंबर १८८६ मध्ये मोदेना गावी फोंतेनब्लोचा अंक या सुधारलेल्या चार अंकांना परत जोडला गेला. व्हेर्दीची त्याला संमती होती असं धरलं जातं.

माझं मत इथेच सांगून टाकतो. चार अंकी प्रत घट्ट आहे, तिच्यात पाणी घातलेलं नाही, हे मान्य. तरी ती लंगडी आहे. शेवटच्या अंकात मठाच्या अंगणात एलिझाबेथ एकटी उभी राहून आपल्या आयुष्याचा हिशेब मांडते, तेव्हा वाद्यवृंदात फोंतेनब्लोच्या रानातली प्रेमाची सुरावट परत येते. चार अंकी प्रयोगात ती परत येत नाही, पहिल्यांदाच येते, कारण आधी कुणी ऐकलेलीच नसते. तिच्या डोळ्यांत पाणी का आलं हे प्रेक्षकाने अंदाजाने ओळखायचं. असा अंदाज करायला लावण्याइतकी कारणं वेळेच्या बचतीत मला सापडत नाहीत. हेर्बर्ट फॉन कारायानसारखा संचालक मात्र शेवटपर्यंत चार अंकांवरच ठाम होता, आणि त्याच्या बाजूने बोलणारे आजही पुष्कळ आहेत.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं फारशी सांगण्यासारखी नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९२० मध्ये रोझा पॉन्सेल आणि जोव्हान्नी मार्टिनेल्ली यांच्यासह प्रयोग झाला, काही काळ चालला, बंद पडला. ‘आयडा’ आणि ‘त्राव्हियाता’च्या गर्दीत लोकांना हा लांबलचक, काळोखा ऑपेरा व्हेर्दीचा फसलेला प्रयत्न वाटे. जर्मन भाषिक जगाने त्याच्याकडे आधी वळून पाहिलं. व्हेर्दीवर कादंबरी लिहिणाऱ्या फ्रांट्स व्हेर्फेलने लोटार वालेरश्टाइनबरोबर स्वतःची जर्मन आवृत्ती केली आणि ती १९३२ मध्ये व्हिएन्नात आली.

मोठं वळण १९५० चं. रुडॉल्फ बिंग मेट्रोपोलिटनचे प्रमुख झाले आणि पहिल्याच मोसमाची पहिलीच रात्र, ६ नोव्हेंबर, त्यांनी हमखास गर्दी खेचणाऱ्या ऑपेराला न देता ‘डॉन कार्लो’ला दिली. दिग्दर्शनाला मार्गारेट वेब्स्टर. तिने पॉल रोबसनला घेऊन ब्रॉडवेवर ‘ऑथेल्लो’ केलेलं होतं, आणि मेट्रोपोलिटनमध्ये दिग्दर्शन करणारी ती पहिली बाई. फिलिपसाठी ठरलेल्या बल्गेरियन बास बोरिस क्रिस्टॉफला नव्या सुरक्षा कायद्यामुळे अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. त्याच्या जागी सत्तावीस वर्षांचा चेझारे सिएपी आला आणि म्हाताऱ्या राजाची भूमिका त्याने आपलीशी केली. बाहेर रस्त्यावर काही लोक, हा ऑपेरा कॅथलिक धर्माची बदनामी करतो असे फलक घेऊन उभे होते. यूजेनीच्या नाराजीला त्र्याऐंशी वर्षांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर साथीदार मिळाले, असं म्हणायला हरकत नाही.

१९५८ मध्ये कोव्हेंट गार्डनच्या इमारतीची शंभरी होती. त्यानिमित्त सिनेदिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंतीने दिग्दर्शन आणि नेपथ्य, दोन्ही केलं आणि कार्लो मारिया जुलिनीने संगीताची बाजू सांभाळली. जॉन व्हिकर्स, टिटो गोब्बी, खुद्द क्रिस्टॉफ. पाच अंकी इटालियन. युरोपातल्या मोठ्या नाट्यगृहांना फोंतेनब्लोशिवाय आपण काय गमावतोय हे या प्रयोगाने पटवलं. व्हिस्कोंतीचं नेपथ्य ऐतिहासिक, चित्रातल्यासारखं, खोली दाखवणारं. पुस्तिकेच्या काळातला प्रेक्षक उठून आला असता तर त्याला तिथे परकं वाटलं नसतं. ती निर्मिती पुढे अनेक दशकं परत परत लागत राहिली.

मग शोध लागला. १९६७ नंतर संशोधकांनी ‘डॉन कार्लोस’च्या मूळ कागदांकडे मोर्चा वळवला. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रोझेनला फिलिप-पोझा संवादाचा कापलेला भाग सापडला. १९७० च्या सुमारास संगीत समीक्षक अँड्र्यू पोर्टर पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयात जाऊन बसला. व्हेर्दीने कापलेला मजकूर मुख्य प्रतीतून काढला होता. पण वादकांच्या आणि गायकांच्या सुट्या प्रती जशाच्या तशा होत्या. कापलेल्या जागी पानं दुमडून शिवलेली, नाहीतर चिकटवून बंद केलेली. ती उघडून पोर्टरने एकेका वाद्याचं, एकेका आवाजाचं उतरवून घेतलं आणि शंभर वर्षं कुणी न ऐकलेलं संगीत परत उभं राहिलं. पोझाच्या प्रेताजवळचा विलाप समोर आला तेव्हा त्याची चाल सगळ्यांच्या ओळखीची निघाली. व्हेर्दीने ती टाकून दिली नव्हती, १८७४ च्या ‘रेक्विएम’मधल्या ‘लाक्रिमोसा’साठी वापरली होती. जर्मन अभ्यासक उर्सुला ग्युन्टरने या सगळ्या आवृत्त्या एकत्र मांडणारी संपादित प्रत तयार केली.

त्यानंतर जो तो परत जोडू लागला. बोस्टनला सारा कॉल्डवेलने १९७३ मध्ये फ्रेंच प्रयोग केला, त्याच वर्षी बीबीसीने रेडिओवर ऐकवला. ला स्कालात क्लाउडियो अबादोने १९७७ च्या डिसेंबरात लुका रोंकोनीच्या दिग्दर्शनाखाली सापडलेले तुकडे घेऊन पाच अंक केले. न्यूयॉर्कला १९७९ मध्ये लाकूडतोडे आले, पण इटालियन बोलत. पॅरिसच्या शातले नाट्यगृहात १९९६ मध्ये ल्युक बोंडीने फ्रेंच ‘डॉन कार्लोस’ केला, अँटोनियो पापानो संचालक, रोबेर्तो अलान्या कार्लोस, जोसे व्हान दाम फिलिप. ज्यांनी तो ऐकला त्यातल्या पुष्कळांचं मत फ्रेंचच्या बाजूने कायमचं झुकलं. फ्रेंचमध्ये फिलिपचं एकट्याचं गाणं आतल्या आत कुरतडणारं वाटतं. इटालियनमध्ये तेच छाती भरून येतं. मला दोन्ही हवेत, पण एकच निवडायचं तर फ्रेंच.

सापडलं म्हणून सगळं वाजवावंच का? लाकूडतोडे हवेतच. एलिझाबेथ फिलिपला होकार देते तो लोकांच्या पोटासाठी, आणि लोक डोळ्यांसमोर आल्याशिवाय तो होकार नुसता राजकन्येचा गुणीपणा वाटतो. बाप-लेकाचा विलापही हवा. ज्याला मारण्याची वेळ आणली त्याच माणसासाठी फिलिप रडतो, आणि असं दुसरीकडे कुठे तो रडत नाही. बुरखे बदलण्याचा प्रवेश कथेसाठी हवा. बॅलेबद्दल मात्र मी जॉकी क्लबच्या विरुद्ध आहे. पंधरा मिनिटं मोत्यांची, आणि नाटक जागच्या जागी.

त्या बॅलेचा एकच उपयोग मला पटला, आणि तो करणारा माणूस रिकोर्दीच्या पुस्तिकेच्या पार दुसऱ्या टोकाचा. पेटर कोनविच्नीची निर्मिती, हॅम्बुर्गला २००१ मध्ये आणि व्हिएन्नाला २००४ मध्ये. फ्रेंच, जवळपास संपूर्ण. बॅलेच्या संगीतावर नर्तकी नाहीतच. ‘एबोलीचं स्वप्न’ नावाचं मूकनाट्य आहे. एबोली आणि कार्लोस नवरा-बायको, बेताच्या मध्यमवर्गीय घरात. ती पोटुशी. तो कामावरून येतो. सासू-सासरे, म्हणजे एलिझाबेथ आणि फिलिप, जेवायला यायचेत. भट्टीतली कोंबडी करपते. मग पिझ्झा मागवतात आणि तो घेऊन येतो पोझा. प्रेक्षक हसून हसून बेजार होतात, आणि त्या हसण्यातच एबोलीला हवं तरी काय होतं हे एकदम लक्षात येतं. पुढचा ऑटो-दा-फे, म्हणजे पाखंडी लोकांना जाळण्याचा जाहीर सोहळा, त्याने प्रेक्षागृहाच्या बाहेर नेला. मध्यंतरात माणसं फिरत असताना टीव्हीचे कॅमेरे, मुलाखतकार, आणि त्यांच्यामधून ओढत नेले जाणारे कैदी.

ऑटो-दा-फेचा प्रवेश हा खरं तर या ऑपेराच्या दिग्दर्शकांची परीक्षा असतो. शिलरच्या नाटकात तो नाही, ग्रँड ऑपेराला भव्य प्रवेश हवा म्हणून आलेला आहे. चर्चसमोरचं मैदान, जल्लोष करणारी गर्दी, चिता, राज्याभिषेकाची शपथ सांगणारा राजा, गुडघे टेकून दयेची भीक मागणारे सहा फ्लेमिश दूत. कार्लोस बापावर तलवार उपसतो, कुणी पुढे येत नाही, शेवटी पोझाच ती काढून घेतो. आणि चिता पेटल्यावर आकाशातून एका सोप्रानोचा आवाज मेलेल्यांचं स्वागत करतो. हा आवाज कुठून आणायचा? पडद्यामागून आणला तर तो देवाचा होतो. रंगमंचावरच्या एखाद्या बाईच्या तोंडी दिला तर तो गर्दीतल्या एकुलत्या एका सज्जन माणसाचा होतो. दोन्हींत नाटकाचा अर्थ बदलतो आणि स्वरलिपीतलं एक अक्षरही हलत नाही.

याउलट राजाच्या खोलीतला प्रवेश कुणी बिघडवू शकत नाही. संहितेत जळून संपत आलेल्या मेणबत्त्या आहेत, खिडकीत फटफटतंय. एकटा चेलो, मग बासचा आवाज, बायकोने माझ्यावर कधी प्रेम केलं नाही हे स्वतःशी कबूल करणारा. लगेच आंधळा इन्क्विझिटर आत येतो, खाली काँट्राबसून आणि ट्रॉम्बोनची घरघर, आणि दोन बास एकमेकांवर धावून जातात. ऑपेरात दोन जाड आवाजांचा असा सामना क्वचितच ऐकायला मिळतो. अलीकडच्या काही निर्मितींत राजा एकटा नसतोच, एबोली त्याच्या खोलीत असते. पुढच्याच प्रवेशात ती राणीपुढे कबुली देणार असते, त्यामुळे हे तर्काला धरून आहे. तरीसुद्धा खोलीत दुसरं कुणी असलं की त्या गाण्याचं वजन थोडं उतरतं.

मधल्या वाटेच्या निर्मितीही आहेत, आणि त्या जास्त टिकतात. म्युनिकला २००० मध्ये युर्गेन रोझेने राखाडी, बंदिस्त पेटीसारख्या जागेत सगळं मांडलं, संचालक आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. ती निर्मिती दोन दशकांहून जास्त काळ फळ्यावर राहिली. पॅरिसच्या बास्तीय नाट्यगृहात २०१७ मध्ये क्शिश्तोफ वार्लिकोव्स्कीने फ्रेंच आवृत्ती, बॅले लिहिला जाण्याच्या आधीची, योनास काउफमान आणि एलिना गारांचा यांच्यासह केली. राणीच्या सख्यांची बाग त्याने तलवारबाजीच्या आखाड्यात नेली. पहिल्या रात्री गायकांना टाळ्या पडल्या आणि दिग्दर्शकाची हुर्यो झाली.

शेवटाचा पेच अजून कुणी सोडवलेला नाही. इन्क्विझिशनचे लोक कार्लोसला पकडायला येतात, थडगं उघडतं, आणि साधूच्या वेशातला त्याचा आजोबा पाचवा चार्ल्स, जिवंत की भूत ते ठरवता येऊ नये असा, त्याला आत ओढून नेतो. शिलरच्या नाटकात राजा मुलाला सरळ इन्क्विझिटरच्या हवाली करतो. १८६७ मध्ये ऑपेरा साधूंच्या हलक्या आवाजातल्या गाण्यावर संपायचा, १८८४ पासून वाद्यवृंदाच्या गर्जनेवर. काही दिग्दर्शक कार्लोसला तिथेच मारून टाकतात, काही त्याला स्वतःवर शस्त्र चालवायला लावतात, काही थडग्याच्या अंधारात सोडून देतात. पुस्तिकेच्या काळी हा प्रश्नच नव्हता. राजमुकुट घातलेलं भूत दाराशी उभं राहायचं, पडदा पडायचा.

नाटकाबाहेरचं जग या ऑपेरात घुसायला नेहमी टपलेलं असतं. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी मेट्रोपोलिटनने आपल्या इतिहासात पहिल्यांदा फ्रेंच ‘डॉन कार्लोस’ केला, पाच अंकी, डेव्हिड मॅक्व्हिकरचं दिग्दर्शन, यानिक नेझे-सेगँ संचालक. युक्रेनवर हल्ला होऊन चारच दिवस झाले होते. पडदा उघडण्याआधी समूहाने युक्रेनचं राष्ट्रगीत म्हटलं. त्यांच्यात व्लादिस्लाव बुयाल्स्की हा तरुण युक्रेनियन गायक छातीवर हात ठेवून उभा होता, आणि थोड्याच वेळाने तो फ्लेमिश दूतांपैकी एक म्हणून राजासमोर गुडघे टेकणार होता. ७ डिसेंबर २०२३ ला ला स्कालाच्या मोसमाची सुरुवात ‘डॉन कार्लो’ने झाली, तेव्हा राष्ट्रगीतानंतर प्रेक्षागृहातून कुणी तरी फॅसिझमविरोधी घोषणा दिली आणि पोलिसांनी त्याचं नाव-गाव विचारून घेतलं.

पण ला स्कालाचा तो प्रयोग चार अंकी होता, इटालियन. लाकूडतोडे नव्हते, फोंतेनब्लो नव्हतं. पॅरिसनेही २०१९ मध्ये वार्लिकोव्स्कीच्या त्याच नेपथ्यात इटालियन आवृत्ती लावली. मेट्रोपोलिटननेही पहिल्या फ्रेंच प्रयोगानंतर वर्षाच्या आतच मॅक्व्हिकरचीच निर्मिती इटालियनमध्ये केली. इटालियनमध्ये भूमिका पाठ असलेले गायक जगात कितीतरी जास्त आहेत, आणि चार अंकांना तालमी कमी लागतात.